रिकामा कप

पुणे, ३ सप्टेंबर २०२४

चि. धम्मपाल,
जय भीम.

काल फोनवर तू बावीस मिनिटे बोललास आणि त्यांतली निम्मी रडण्यात घालवलीस. यापुढे फोन करू नकोस; पत्र लिही. पत्रात वाक्य पूर्ण करावे लागते आणि ते पूर्ण करताना माणसाला विचार करावा लागतो. शिवाय अक्षता तुझा फोन तपासते, असे तूच म्हणालास. माझी पत्रे तुझ्या द्रोणागिरीच्या गोदामाच्या पत्त्यावर येतील. ती घरी नेऊ नयेत.

आता वस्तुस्थिती पाहू. तुझी बायको दोन वर्षे आजारी आहे. शेजारचे लोक भिंतीला कान लावून आपल्याविषयी बोलतात, असे तिला वाटते. दिवसभर खिडकीत उभी राहून ती खालून जाणाऱ्या ट्रकांचे नंबर वहीत उतरवते. जूनपासून तिने गोळ्या सोडल्या आहेत आणि तू, सेहेचाळीस वर्षांचा पुरुष, तिच्यापुढे ‘घे ना, घे ना’ करत उभा राहतोस. घरात एक्याऐंशी वर्षांची आई आहे आणि दहावीतली रुतिका आहे. कळंबोलीच्या त्या दोन खोल्यांत माणसे चार आणि निर्णय घेणारे कुणीही नाही.

म्हणून निर्णय मी देते. गोळी गिळवत नाही असे डॉक्टरांना सांग आणि थेंबांच्या रूपातले औषध लिहून घे. त्याला रंग नसतो, वास नसतो, चहात मिसळल्यावर चवही लागत नाही. रोज सकाळी तिच्या कपात स्वतःच्या हाताने घाल. तिला सांगू नकोस. जिची विचारशक्ती आजारी आहे, तिची संमती मागत बसणे हा सभ्यपणा नव्हे, आळस आहे.

एक अट मात्र कडक आहे. छत्तीस वर्षे मी रसायनशास्त्र शिकवले. पात्रात काय ओतले यावरून निष्कर्ष काढू नये, पात्रात काय उरले ते पाहावे, हा माझ्या प्रयोगशाळेचा पहिला नियम होता. कप रिकामा झालेला तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचास. आपल्या घरात ते अवघड जाऊ नये. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तिथे खायला मिळालेल्या सुकडीचा एक कण तिने मला सांडू दिला नाही. तिच्या हाताखाली वाढलेल्या कुणाच्याही ताटात कधी काही उरलेले मी पाहिलेले नाही. तुझ्या बायकोने सतरा वर्षांत निदान एवढे तरी शिकायला हवे होते.

तुझी,
क्रांती


कळंबोली, २१ सप्टेंबर २०२४

ती. ताई,
सविनय जय भीम.

तू सांगितलंस तसं केलं. डॉक्टर म्हणाले, "थेंब देतो, पण पेशंटला सांगून द्या. विश्वास तुटला की परत जुळत नाही." मी मान हलवली आणि बाटली खिशात घातली.

पहिल्या दिवशी थेंब दोनदा मोजले. तिघींचा चहा पातेल्यात, आणि अक्षताचा कप वेगळा ढवळायचा. आई ओट्याजवळ पाटावर बसलेली. म्हणाली, "बायकूला च्या करून द्यायलास व्हय रे? तुज्या बापानं जल्मात पान्याचा तांब्या उचलला नव्हता." बाबांची बाजू घेत होती की माझी चेष्टा, कळलं नाही. अक्षतानं कप हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सतरा वर्षं कुठे लपवली होती ही कला?" बऱ्याच महिन्यांनी ती चेष्टेत बोलली, ताई. मला तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. नाही सांगितलं.

सव्वासातची बस मला गाठावी लागते. चहा दिला की मी अंघोळीला जातो. त्या दोघी सासवासुना खाटेवर शेजारी बसून पितात, ती आता त्यांची सवयच झाली आहे. निघताना मी मोरीत बघतो. कप रोज रिकामा असतो, अगदी धुतल्यासारखा.

दहा दिवस झाले. फार फरक नाही. ट्रकचे नंबर चालूच आहेत. रात्री थोडी झोपते. रुतिका अभ्यासाला मैत्रिणीकडे सीवूड्सला जाते, घरात मन लागत नाही म्हणते. आई तिचा डबा भरते, माझाही भरते. या वयात तिला हे करावं लागतं याची लाज वाटते.

एक विचारू? हे फसवणं नाही ना?

तुझा,
धम्मपाल


पुणे, २८ सप्टेंबर २०२४

चि. धम्मपाल,
जय भीम.

तुझा शेवटचा प्रश्न उत्तर देण्याइतका मोठा नाही. लहान मुलाला लस टोचताना आपण त्याच्याशी चर्चा करतो का?

आठ आठवडे थांब. औषधाला काळ लागतो आणि तुझा उतावळेपणा हा त्याचा दोष नव्हे. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा पाल्हाळ नको. ‘औषध नियमित पोटात जाते आहे’ एवढेच सांगावे. कप रिकामा असतो, तेव्हा ते विधान खरे आहे.

रुतिकाविषयी माझे मत पक्के झाले आहे. दहावीची परीक्षा संपली की तिला माझ्याकडे पाठव. इथे दोन वर्षांत मी तिला घडवीन. आई डोळ्यांदेखत ढासळत असताना मुलगी शिकत नसते. ती फक्त आईसारखी व्हायला शिकते. अक्षताला हे सांगण्याची गरज नाही. वेळ येईल तेव्हा मी येऊन घेऊन जाईन.

क्रांती


कळंबोली, १० नोव्हेंबर २०२४

ती. ताई,
सविनय जय भीम.

उशीर झाला, क्षमा कर. घरात दोन गोष्टी झाल्या आहेत.

पहिली. मागच्या रविवारी अक्षता सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या चहात हे काहीतरी घालतात." शांतपणे, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी. तेवढ्यात रुतिका म्हणाली, "मम्मी, प्लीज. परत चालू नको होऊस. भिंत झाली, ट्रक झाले, आता चहा का?" अक्षता आईकडे वळून म्हणाली, "आई, खरंच सांगते, त्यात औषध आहे." आई हसली. काही बोलली, पण हल्ली तिचं बोलणं तोंडातल्या तोंडात राहतं, मला कळलं नाही. मी काय केलं विचारशील. मी पेपर उचलला आणि वाचायला लागलो.

दुसरी गोष्ट आईची. तिचा उजवा हात थरथरतो. पाय घासत चालते. तासन्‌तास खाटेवर बसून असते, चेहऱ्यावर काहीच हलत नाही, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येते. ज्या बाईनं पूर्ण सोसायटीला नावं ठेवली ती आता हो-नाही एवढंच म्हणते. रुतिकाचा डबा तिला भरता येत नाही, तो आता अक्षता भरते. आईची वेणीही तीच घालते, तोंड पुसते. हे मात्र ती नेमानं करते.

वय झालं म्हणायचं का? दोन महिन्यांत एवढं वय होतं का?

तुझा,
धम्मपाल


पुणे, १६ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मपाल,
जय भीम.

अन्नात कुणीतरी काही मिसळते, हा भ्रम या आजाराच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर सापडेल. या प्रकरणात तो योगायोगाने वस्तुस्थितीशी जुळतो, एवढेच. म्हणून तो भ्रम ठरत नाही असे नाही. तू पेपर वाचत बसलास ते उत्तम केलेस. इतक्या वर्षांतले ते तुझे पहिले योग्य वर्तन.

डॉक्टरांना जाऊन सांग: औषध नियमित चालू आहे, फरक नाही, आणि आता तिला अन्नात विष दिल्याचा संशय येतो. ते मात्रा वाढवतील. वाढवावीच.

आईच्या प्रकृतीचे तुला नवल वाटावे याचे मला नवल वाटते. एक्याऐंशीव्या वर्षी एका वेड्या सुनेच्या शेजारी रोज बसणाऱ्या बाईचा हात थरथरणार नाही तर काय होईल? आई ढासळते आहे ती अक्षतामुळे. तिच्या वेणीफणीचे कौतुक मला लिहून पाठवू नकोस.

क्रांती


कळंबोली, ४ जानेवारी २०२५

ती. ताई,
सविनय जय भीम.

मेसेज मिळाला असेल. आई परवा सकाळी बाथरूममध्ये पडली. मी बसमध्ये होतो, रुतिका क्लासला. अक्षतानं शेजारच्या राहीबाईंना हाक मारली. ज्यांच्या भिंतीला ती दोन वर्षं घाबरते त्याच राहीबाईंना. दोघींनी मिळून रिक्षात घातलं. खुब्याचं हाड मोडलं आहे. ऑपरेशन झालं, पण अंग लाकडासारखं ताठ आहे, गिळता येत नाही, ताप उतरत नाही.

तू म्हणालीस तसं डॉक्टरांनी नोव्हेंबरातच थेंब दुप्पट केले. तेव्हापासून अक्षता चहाबद्दल एक शब्द बोललेली नाही. मला वाटलं, गुण आला.

आज इथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. विचारलं, "आजींना मानसिक आजाराचं काही औषध चालू आहे का? हा ताठरपणा तसा वाटतो. असेल तर सांगा, त्याप्रमाणे उपचार बदलावे लागतील." मी म्हटलं, "नाही साहेब, ते माझ्या मिसेसना आहे." ते म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की. मी स्वतः देतो."

त्यांनी असं का विचारलं असेल, ताई? तुला यातलं कळतं.

तुझा,
धम्मपाल


पुणे, ६ जानेवारी २०२५

धम्मपाल,

थेंब आजपासून बंद. बाटली फोडून फेकून दे. कारण विचारू नकोस.

डॉक्टरांना तू दिलेले उत्तर बरोबर आहे. ते बदलू नकोस. पुन्हा विचारले तरी तेच सांग.

मला प्रवास झेपणार नाही. रोज कळवत जा.

क्रांती


पुणे, २ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मपाल,
जय भीम.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसांच्या गर्दीत बोलता आले नाही, म्हणून लिहिते.

आई गेली. तिचे वय झाले होते, हे खरे. परंतु ती पडली तेव्हा घरात कोण होते, हा प्रश्न तू स्वतःला एकदाही विचारलेला दिसत नाहीस. घरात एकच व्यक्ती होती. ती व्यक्ती दोन वर्षे भिंतींशी भांडते आहे. यापेक्षा अधिक मी लिहीत नाही. उरलेले वाक्य तू पूर्ण कर.

त्या दिवशी मी अक्षताला पाहिले. डोळे ताणलेले, रात्र रात्र झोपलेली नाही हे उघड होते. पांढऱ्या साडीत सगळ्यांना चहा देत फिरत होती आणि तुझ्या लक्षात आले का, तू तो घेतला नाहीस.

कर्जतजवळ मनोरुग्णांची एक संस्था आहे. माझ्या विद्यार्थिनीची ओळख आहे. अक्षताला मार्चमध्ये तिथे ठेवू. रुतिका पुण्याला येईल. तू मोकळा हो. माझी सगळी पत्रे एकत्र करून मला परत पाठव.

क्रांती


कळंबोली, २० फेब्रुवारी २०२५

क्रांतीताई,

तुमची पत्रं परत पाठवण्यासाठी यांनी आईंच्या पेटीत साड्यांखाली ठेवली होती. आईंच्या साड्या वाटायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे ती मला मिळाली. सगळी वाचली.

मी आजारी आहे, हे मला माहीत आहे. भिंतीतले आवाज खरे आहेत की नाहीत हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. पण चहा खरा होता.

ज्या माणसानं सतरा वर्षांत गॅस पेटवला नव्हता, तो रोज उठून माझाच कप तेवढा वेगळा ढवळतो, हे कळायला शहाणं असावं लागत नाही. मी अर्धा कप पिऊन ठेवत असे. कशासाठी घालतात हे ठाऊक होतं, त्यांचं मनही मोडवत नव्हतं, आणि सगळा पिण्याची भीतीही वाटायची. मोरीत ओतायला उठले की शेजारी बसलेल्या आई हात धरायच्या. "टाकू नगं बाई, दे इकडं." मी पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं की त्यात औषध आहे. त्या म्हणाल्या, "अवशद हाय तर मंग वाया कशाला घालवतीस?" आणि पिऊन टाकला. कप जिभेनं पुसावा तसा रिकामा करायच्या. तुम्हाला त्यांची ही सवय माझ्यापेक्षा आधीपासून माहीत आहे. तुमच्या पहिल्याच पत्रात ती अभिमानानं लिहिलेली आहे.

नोव्हेंबरात मी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर थेंब वाढले. का वाढले ते तेव्हा कळलं नाही, तुमचं सोळा नोव्हेंबरचं पत्र वाचल्यावर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की मी बोलले की थेंब वाढतात, म्हणून मी बोलणं सोडलं. आईंचा हात कशानं थरथरतो हे डिसेंबरात माझ्या लक्षात आलं होतं, तरी गप्प राहिले. तो एक महिना माझा आहे. तो मी तुमच्यावर घालत नाही.

सहा जानेवारीचं पत्र मात्र तुमचं आहे. त्या दिवशी आई जिवंत होत्या. डॉक्टर विचारत होते. आणखी नऊ दिवस होते. बाटली बंद करायला सांगितलीत म्हणजे तुम्हाला कळलं होतं, आणि डॉक्टरांना सांगू नको म्हणालात म्हणजे तुम्ही ठरवलं होतं.

सोबत माझ्या वहीची पानं आहेत. डाव्या बाजूला ट्रकचे नंबर आहेत, ते तुम्ही सोडून द्या. उजव्या बाजूला रोजची तारीख आणि कप: किती मी प्यायले, किती आईंनी. एकशे तेरा दिवस आहेत. अंदाजानं लिहिलेला एकही नाही.

थेंब अचानक बंद झाल्यावर मी अकरा रात्री झोपले नाही. मग राहीबाईंना घेऊन स्वतः डॉक्टरकडे गेले. आता गोळी घेते, माझ्या हातानं.

हे माझ्या हातचं खात नाहीत. बाथरूमचा दरवाजा उघडून तिथे नुसते उभे राहतात. तुमचं अर्धं सोडलेलं वाक्य ते पूर्ण करत असतात. आई पडल्या तेव्हा मी ओट्याशी रुतिकाचा शाळेचा डबा भरत होते.

अक्षता


पुणे, १ मार्च २०२५

सौ. अक्षता,

पत्र आणि पाने मिळाली. पाने तीन वेळा तपासली. प्रकृतीतील बदलांच्या ज्या तारखा धम्मपालने लिहिल्या, त्यांच्याशी तुझ्या नोंदी जुळतात. नोंदी अचूक आहेत. इतक्या नीटस नोंदी ठेवणारे विद्यार्थी मला फार थोडे मिळाले.

सहा जानेवारीविषयी तू लिहिलेले नाकारत नाही. एवढे पुरे.

आता व्यवहाराचे बोलू. धम्मपालला हे कळता कामा नये. थेंब त्याच्या हाताने पडले. तो तुला दोषी मानून जगू शकतो. स्वतःला दोषी मानून एक आठवडा जगणार नाही, हे तू आणि मी दोघीही जाणतो. तुझ्याविषयी संशय त्याच्या मनात आहेच, तो तसाच राहू दे. लोकांनी तुझ्यावर विश्वास न ठेवण्याची तुला सवय आहे. त्याला ती नाही.

मोबदल्यात मी कर्जतचा विषय सोडते. तू घरी राहा. रुतिका मात्र माझ्याकडे येईल. तिला यातले काही सांगू नये. माझ्याविषयी तिच्या मनात आदर आहे आणि त्याचा तिला उपयोग आहे.

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

क्रांती


कळंबोली, १८ मार्च २०२५

क्रांतीताई,

काल रुतिकाचा शेवटचा पेपर झाला. त्याआधी तिला त्रास नको म्हणून थांबले होते.

तुमचं पत्र फाडलं नाही. काही वाया घालवायचं नाही, हे मी आईंकडूनच शिकले. काल संध्याकाळी तिला सगळी पत्रं तारखांप्रमाणे लावून वाचायला दिली. वहीही दिली. दोन तास ती खाटेवर आईंच्या जागी बसून वाचत होती. नोव्हेंबरातलं पान आलं तेव्हा थांबली. म्हणाली, "मम्मी, त्या दिवशी तू खरं बोलत होतीस." मी म्हटलं, "हो." म्हणाली, "आणि मी काय बोलले." मी वहीचं पुढचं पान उलटून दिलं.

ती पुण्याला येणार नाही. तुम्हाला स्वतः लिहीन म्हणत होती, मग कागद घडी करून ठेवला. म्हणाली, "त्यांना काय लिहायचं?"

यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांकडे आमच्या दोघांचीही वेळ घेतली आहे. तिथे त्यांचा हात धरून मी सांगणार आहे, कारण कुणालाही न सांगता काही द्यायचं नसतं, आणि ज्याचं आहे ते त्याच्यापासून लपवायचंही नसतं. नंतर त्यांना मी सांभाळीन. आजारी माणसाला काय लागतं ते मला माहीत आहे. तोवर तुमची पत्रं माझ्याकडे राहतील.

मग रुतिकानं चहा केला. मला अर्धाच हवा होता. तिनं कप उचलला, उरलेला बघितला आणि मोरीत ओतला.

अक्षता